फटफटीची पुंगळी

मराठी माणसाने मोटारसायकलला नाव दिलं ते तिच्या आवाजावरून. आगगाडी म्हणताना त्याने इंजिनातली आग पाहिली, पायगाडी म्हणताना चालवणाऱ्याचे पाय पाहिले, विमानाला तर पुराणातलं नाव तयारच होतं. पण पायगाडीला इंजिन लागलं आणि ती गावच्या शिवेवर आली, तेव्हा ती दिसायच्या आधी ऐकू आली. झालं, ती 'फटफटी' झाली. काही भागांत 'भटभटी'. ज्यांच्या गावात दिवसाकाठी एखादीच मोटारसायकल यायची त्या पिढीला आठवत असेल, आवाज ओढ्यापलीकडे असतानाच घरात ओळख पटायची. हा तलाठ्याचा, हा डॉक्टरांचा, हा दूध संघाच्या साहेबाचा.

आवाजाची ही पुण्याई ज्या भागाकडे जाते त्याचं कागदावरचं नाव मोठं गमतीचं आहे. तो भाग म्हणजे सायलेन्सर, म्हणजे गप्प करणारा. गॅरेजमध्ये मात्र त्याला कोणी सायलेन्सर म्हणत बसत नाही. आतल्या नळीला पुंगळी म्हणतात आणि बोलता बोलता सगळा सायलेन्सरच पुंगळी होऊन जातो. 'पुंगळी काढलेली बुलेट' म्हटलं की शहरातल्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही, त्याचा हात आपोआप कानाकडे जातो.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या गरजेमुळे. माझ्याकडे १९९० च्या दशकातली एक ३५० सीसीची बुलेट आहे. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, अशी ती जुनी. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा आवाज फाटला. मेस्त्रींनी बोटाने सायलेन्सरचं बूड दाबलं तर पापडासारखा पत्रा आत गेला. "सर, आतून सडलीय," ते म्हणाले. सडायचं कारणही त्यांनीच सांगितलं. पेट्रोल जळलं की त्यातून धूर निघतो तशी वाफही निघते. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात पुंगळी तापते आणि ही वाफ बाहेर पडते. पण सावेडीतून दिल्लीगेटला जायचं आणि परत यायचं, एवढ्यात पुंगळी पुरती तापतच नाही. पाणी आतच साचतं आणि लोखंड आतून खात जातं.

मग त्यांनी तीन पर्याय पुढे ठेवले. एक, कंपनीची पुंगळी. दुसरी, तशीच दिसणारी पण स्वस्त. तिसरी आवाजाची. हाताखालचा मुलगा तिसरीच्या बाजूचा होता. "सर, या गाडीला हीच शोभते. इंजिन मोकळा श्वास घेईल, पिकअप वाढेल." मेस्त्री काही बोलले नाहीत, फक्त हसले. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलेल्या माणसाला साधी पुंगळी घ्यायची तरी आधी तिची कुळकथा वाचावीशी वाटते. ती वाचता वाचता मी आपल्याच जिल्ह्यात येऊन पोचलो, म्हणून ती सांगतो.

आधी त्या मुलाचा मुद्दा घेऊ, कारण तो खोटा नाही, अर्धवट आहे. इंजिनात पेट्रोल आणि हवेचा भडका उडतो, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि मग जळका वायू बाहेर जायला झडप उघडते. त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. हा वायू एखाद्या फुग्यातून सुटावा तसा धक्क्याने सुटतो. तो धक्का म्हणजेच 'फट'. जागेवर सुरू असलेलं एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर असे पाचशे धक्के बसतात, सेकंदाला साधारण आठ. म्हणून बुलेट उभी असताना तिचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात.

सायलेन्सर या धक्क्यांना एका अरुंद नळीतून मोठ्या पोकळीत सोडतो. पोकळीत वायू फुगतो, थंडावतो, भिंतींवरून उलटतो. उलटलेली लाट आणि मागून येणारी लाट एकमेकींना मारून टाकतात. दुसऱ्या प्रकारात नळीला भोकं पाडून तिच्याभोवती काचेचा कापूस भरतात, तो आवाज शोषून घेतो. आता या सगळ्या भानगडीत वायूची वाट थोडी अडते हे खरं. पण ही वाट नुसती मोकळी केली की ताकद वाढते, हे काही खरं नाही. नळीची लांबी आणि रुंदी अशी ठरवलेली असते की उलटलेली लाट नेमक्या वेळी झडपेशी येऊन पोचावी आणि आतला उरलासुरला वायू ओढून घ्यावा. नळी बदलली की ही वेळ चुकते. हवा-पेट्रोलचं प्रमाणही बिघडतं. मग कार्बुरेटरचं जेट बदला, पुन्हा जुळवा, हे आलंच. ते न करता नुसती आवाजाची पुंगळी लावली तर पुष्कळदा हाती येतो तो फक्त आवाज. माझ्या गाडीचं इंजिन सारं मिळून १८ अश्वशक्तीच्या आसपास. त्यात पुंगळीने फरक पडला तरी मार्केट यार्डच्या गर्दीत तो कळणार कोणाला?

मग माणसाला आवाज का हवा असतो? इथे इतिहास मदतीला येतो. आवाज म्हणजे ताकद हे समीकरण मोटारसायकलच्या फार आधीचं आहे आणि त्याचा एक मोठा दाखला नगरमध्येच घडला. एखाद्या वक्त्याला आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो. ती खरी तोफ १५४९ मध्ये निजामशाहीच्या काळात अहमदनगरला ओतली गेली. मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्क अधिकाऱ्याने ती घडवली. तिच्या तोंडाला सिंहाच्या जबड्याचा आकार आहे. पुढे ती विजापूरला गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. तिथे अशी कथा सांगतात की बत्ती देणारा गोलंदाज लगेच शेजारच्या हौदात उडी मारून डोकं पाण्याखाली घ्यायचा, नाहीतर कान कायमचे जायचे. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यात एक जाण आहे. मोठ्या आवाजाची पहिली किंमत तो काढणाऱ्याला मोजावी लागते.

ही किंमत मोजलेला एक माणूस आपल्या कहाणीत थेट येतो. त्याचं नाव हायरम मॅक्सिम. मशिनगनचा शोध लावणारा तो हाच. सतत बंदुकांच्या सान्निध्यात राहून तो जवळजवळ ठार बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम अमेरिकेत इंजिनिअर झाला. त्याने १८९० च्या दशकात तीन चाकांच्या गाडीला इंजिन बसवून पाहिलं, मोटारींच्या कारखान्यात काम केलं आणि १९०९ मध्ये बंदुकीचा आवाज मारणाऱ्या नळीचं पेटंट मिळवलं. बंदुकीच्या नळीतून सुटणारा वायू आणि इंजिनाच्या नळीतून सुटणारा वायू, दोघांचं दुखणं एकच आहे हे त्याने ओळखलं आणि तोच उपाय इंजिनांनाही लावला. बापाने जगाला धडधड दिली आणि मुलाने ती गप्प करण्यात आयुष्य घालवलं.

अर्थात सायलेन्सर त्याच्याही आधीचा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्येच इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा रस्त्यांवर घोडागाड्यांचं राज्य होतं आणि इंजिनाच्या आवाजाने घोडे बुजायचे. म्हणजे पहिल्यापासून हा भाग चालवणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हता. चाकं, सीट, दिवा, ब्रेक, गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग मालकाच्या कामी येतो. सायलेन्सर जन्माला आला तो रस्त्यावरच्या दुसऱ्यासाठी, मग तो दुसरा घोडा का असेना.

मालकांना हे तेव्हाही आवडलं नाही. सुरुवातीच्या गाड्यांना 'कट-आउट' नावाची एक झडप असायची. ती उघडली की धूर सायलेन्सरला वळसा घालून सरळ बाहेर पडायचा. गावात बंद, माळावर उघडी, अशी ती वापरावी ही अपेक्षा. पण माणसं गावात आल्यावरच ती उघडू लागली, कारण ऐकणारे तिथेच असायचे! इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या आधीच तिच्यावर बंदी आली. तिथल्याच ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानाची गोष्टही अशीच. १९०७ मध्ये मैदान सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत शेजारचे रहिवासी आवाजाची तक्रार घेऊन कोर्टात गेले. अखेर १९२० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांनाही ठरावीक मापाचा सायलेन्सर सक्तीचा झाला. माशाच्या शेपटीसारखं तोंड असलेला तो डबा 'ब्रुकलँड्स कॅन' म्हणून प्रसिद्ध आहे. जिथे वेग हाच धर्म, तिथेही शेजाऱ्याचा कान जिंकला.

आता आपल्याकडे येऊ. १९२९ मध्ये रावळपिंडीजवळच्या चकलाला इथे लष्करी वाहनांच्या तपासणीसाठी एक संस्था उभी राहिली. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि ही संस्था आली ती नगरला. आज तिचं नाव 'व्हेइकल्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट', नगरकरांची 'व्हीआरडीई'. तिचा टपालाचा पत्ताच 'वाहननगर' आहे. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरमध्ये असल्याने इथल्या माणसाला लोखंडाच्या आवाजाचं अप्रूप नाही. पण व्हीआरडीईचं काम केवळ लष्करापुरतं नाही हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमानुसार गाडीचा कुठलाही नवा नमुना बाजारात येण्याआधी ठरावीक संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो. त्या यादीत पुण्याच्या 'एआरएआय'बरोबर नगरच्या या संस्थेचं नाव आहे.

त्याच नियमांतला १२० वा नियम सायलेन्सरचा आहे. प्रत्येक वाहनाला धुराचा आवाज शक्य तेवढा कमी करणारं साधन हवं, असं तो सांगतो. 'शक्य तेवढा' म्हणजे किती, याचे आकडे पुढे ठरले. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत लागू झालेल्या मर्यादेप्रमाणे ८० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीला ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८०. मोजायची पद्धत अशी की गाडी वेग घेत पुढून जाते आणि साडेसात मीटरवर ठेवलेला मायक्रोफोन तिचा आवाज टिपतो. साडेसात मीटर म्हणजे किती? आपल्या जुन्या गल्लीत त्याहून कमी अंतरावर कोणाची तरी खाट असते.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही, हे इथेच सांगायला हवं. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. दहा वाढले की कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. त्यामुळे ८० चे ९० झाले, त्यात काय एवढं, असं म्हणता येत नाही.

नगरचं दुसरं नातं याहून जिव्हाळ्याचं आहे. नगरच्या फिरोदिया घराण्यातल्या हस्तीमल फिरोदियांनी 'कायनेटिक इंजिनिअरिंग' सुरू केली आणि १९७२ मध्ये नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यातून 'लुना' बाहेर आली. इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या 'चाओ' या मोपेडवर ती बेतलेली होती. पन्नास सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि पायाखाली पॅडल. शाळामास्तर, बँकेतल्या बाई, कॅन लटकवलेला दूधवाला, हंगामात उसाच्या फडाकडे निघालेला शेतकरी, अशी किती माणसं तिच्यावरून गेली. फटफटीच्या 'फट'मध्ये जो रुबाब होता तो लुनाच्या बारीक 'टर्रर्र'मध्ये नव्हता, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नाही.

पण या गरीब लुनाची पुंगळीही साधी वस्तू नव्हती. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्याची काजळी पुंगळीत बसते. काजळी वाढली की गाडी ओढेनाशी व्हायची. मग गॅरेजवाला पुंगळी काढून विस्तवावर तापवायचा आणि काजळी झटकायचा. गाडी पुन्हा पळायला लागायची. म्हणजे पुंगळीचा आणि ताकदीचा संबंध आहेच. टू-स्ट्रोकमध्ये तर तो फार जवळचा, कारण त्यात बाहेर जाणाऱ्या वायूबरोबर ताजं पेट्रोलही निसटू पाहतं. योग्य आकाराच्या पुंगळीतून उलटलेली लाट त्याला परत आत ढकलते.

हा आकार शोधण्यावरून एक नाट्य घडलं आहे. पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटारसायकल कारखान्यात वॉल्टर काडन नावाचा इंजिनिअर होता. त्याने मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळत्या पुंगळीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १२५ सीसीच्या इंजिनातून १९६१ मध्ये २५ अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरला २००. तेव्हा हे अचाट होतं. त्याच वर्षी स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी त्याचा चालक अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान घेऊन जपानच्या सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, सुझुकीने डेग्नरच्या हस्ते ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. पुढे आपल्या रस्त्यांवर १९८५ पासून 'यामाहा आरएक्स-१००' धावू लागली आणि कॉलेजच्या पोरांनी तिच्या पुंगळीवर हात चालवले, त्यामागे याच विद्येची आस होती. पण काडनने लाटेची वेळ मोजली, मापं घेतली, शेकडो चाचण्या केल्या. आतली जाळी उपटून टाकणं आणि काडनची विद्या, यांत तबला फोडणं आणि तबला लावणं एवढं अंतर आहे.

बुलेटचं प्रकरण निराळं. तिच्या आवाजावर लोकांचं प्रेम आहे आणि ते प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. माझंही आहे. १९५० च्या दशकात भारतीय लष्कराने ही गाडी घेतली, १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि नगरच्या छावणीत, भिंगारच्या रस्त्यांवर हा ठोका पिढ्यान् पिढ्या ऐकू आला. त्याचं मूळ इंजिनाच्या घडणीत आहे. जुन्या ३५० मध्ये सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९०. लांब धाव आणि जड चाक, म्हणून इंजिन सावकाश आणि जोर लावून फिरतं आणि ठोका घुमतो. तो घुमारा मूळ सायलेन्सरमधून येणारा आहे. सायलेन्सर काढला की ठोक्याचा घुमारा जातो आणि नुसता कडकडाट उरतो. ज्यांना बुलेटचा आवाज प्यारा आहे त्यांनी तरी तो असा बिघडवू नये.

आणि ते 'फटाके'? रात्री चौकातून जाताना बंदुकीसारखा बार काढायचा, ही तर आणखी पुढची करामत. धावत्या गाडीची ठिणगी क्षणभर तोडतात, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पुंगळीत जातं, ठिणगी परत येते आणि तिथेच भडका उडतो. यात गाडी तसूभरही पुढे जात नाही. पेट्रोल जातं, झडपा आणि पुंगळी तापते आणि शेजारच्या घरातलं तान्हं दचकून उठतं.

नव्या गाड्यांत तर पुंगळी हे फक्त आवाजाचं साधनही राहिलेलं नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. शिसं गेल्यामुळे सायलेन्सरमध्ये उत्प्रेरक जाळी बसवणं शक्य झालं, कारण शिशाने ती जाळी निकामी होते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा लेप असलेली ही जाळी विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल यांचं बरंचसं निरुपद्रवी वायूंत रूपांतर करते. १ एप्रिल २०२० पासून 'बीएस-६' नियम आले, तेव्हापासूनच्या दुचाकीत ही जाळी, प्राणवायू मोजणारा सेन्सर आणि इंजेक्शनचा मेंदू एकमेकांशी बांधलेले आहेत. अशा गाडीची पुंगळी बदलली की आवाजाबरोबर विषही मोकळं सुटतं. आणि पीयूसीच्या दुकानात धूर तपासतात, आवाज नाही. त्यामुळे हातात प्रमाणपत्र आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजायचं कारण नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज किंवा धुराची मर्यादा मोडल्यास पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि वर ३ महिने लायसन्स बाद, अशी तरतूद आहे. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्या रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं आपण पाहिली आहेत. कारवाई हवीच. पण रोडरोलरखाली जाते ती विकली गेलेली पुंगळी. दुकानात टांगलेली तशीच राहते.

दंडापेक्षा मोठी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या त्या खटल्यामागे एक काळीज हलवणारी घटना होती. लाउडस्पीकरच्या गोंगाटात एका मुलीचा आक्रोश कोणाला ऐकूच गेला नव्हता. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की बोलण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, पण दुसऱ्याला ऐकायला लावण्याचा हक्क कोणालाही नाही. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल, ही २००० च्या नियमांतली मर्यादा याच विचारातून आली. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ती त्याहूनही कमी, दिवसा ५० आणि रात्री ४०.

मोठ्या आवाजाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आवाजामुळे ट्रकवाल्याला कळतं आणि अपघात टळतो. विचार करण्याजोगा आहे. पण पुंगळीचं तोंड मागे असतं. ज्याच्यापासून धोका, तो बहुतेक वेळा समोर किंवा आडव्या रस्त्यावर असतो. तुम्ही निघून गेल्यावर ज्यांना कळतं त्यांना कळून उपयोग काय? त्यासाठी हॉर्न आहे, दिवा आहे, डोक्यावर हेल्मेट आहे.

तेव्हा मी काय ठरवलं? मेस्त्रींना कंपनीची पुंगळी बसवायला सांगितली. बेंड पाइपचं गास्केटही नवं घातलं, कारण गळती राहिली तर नव्या पुंगळीचा आवाजही फाटतो. तिसरीपेक्षा ती महाग पडली हे खरं. स्वस्त नकलेचा विचार मी केला होता, पण तिच्या आतल्या कप्प्यांचा भरवसा कोण देणार? जुन्या गाड्यांच्या मालकांना माझं एवढंच सांगणं, की पुंगळी टिकवायची असेल तर आठवड्यातून एकदा तरी गाडी तासभर मोकळ्या रस्त्याला न्या. आतलं पाणी उडून जातं. हाताखालच्या त्या मुलाला मी काडनची गोष्ट सांगितली. त्याने कान देऊन ऐकली आणि विचारलं, "सर, ती मापं कुठं मिळतील?" हा प्रश्न मला फार आवडला. नगरच्या मातीत गाड्या घडल्या आणि गाड्या तपासल्या गेल्या. इथल्या पोराला पुंगळी फोडण्यापेक्षा मोजण्याची गोडी लागली तर ते या परंपरेला धरूनच होईल.

काळही कूस बदलतो आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत हस्तीमल फिरोदियांच्या नातीच्या कंपनीने विजेवर चालणारी 'ई-लुना' आणली आणि तीही याच जिल्ह्यात तयार झालेली. त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. या लुनाला ना पुंगळी, ना काजळी, ना धूर. युरोपात तर विजेच्या मोटारी इतक्या गुपचूप जाऊ लागल्या, की २०१९ पासून तिथे त्यांना हळू चालताना मुद्दाम थोडा आवाज काढायला लावणारा नियम आला, पायी चालणाऱ्याला आणि अंध माणसाला कळावं म्हणून. सव्वाशे वर्षांपूर्वी आवाज दाबायचा ठरला तो रस्त्यावरच्या दुसऱ्यासाठी आणि आता थोडा आवाज ठेवायचा ठरला तोही त्याच्याचसाठी. किती आवाज हवा हे गाडीवर बसलेल्याने ठरवायचं नसतं, एवढं या इतिहासातून मला कळलं. 'फटफटी' हा शब्द मात्र राहील. आगगाडीतली आग विझून किती वर्षं झाली, तरी आपण तिला आगगाडीच म्हणतो ना!